हौसाबाईंची उंबरवाडी

हौसाबाईंनी माझ्यावर कधीच पुरता विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मी तेव्हा भिंगारला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. संगमनेरहून नोकरीसाठी आलेली, एकटी, पंचविशीतली. बाजारामागच्या आळीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. समोरच्या घरात हौसाबाई आपल्या धाकट्या भावाकडे राहत. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला, तेव्हापासून त्या माहेरी उंबरवाडीला होत्या. मग उंबरवाडी मुळेवरच्या धरणात गेली. गाव उठलं तेव्हा बरेचसे लोक राहुरीकडच्या नव्या वसाहतीत गेले, बाकीचे आपापल्या सोयऱ्यांकडे पांगले. हौसाबाईंच्या भावाला लष्करी कँपात माळीकाम मिळालं, म्हणून ही मंडळी भिंगारला आली.

पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मजबूत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची त्यांना सवय होती. बसायच्या त्या नेहमी दाराकडे तोंड करून. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दाराकडं पाट करून बसनारा मानूस एक तर लई साधा आसतो, न्हाईतर मेलेला."

त्यांच्याकडे सात सुया होत्या, एका लोकरीच्या चिंधीत टोचून ठेवलेल्या. घरात कुणी येऊन गेलं की त्या सुया मोजायच्या. माणूस उंबरा ओलांडायच्या आतच मोजायला घ्यायच्या, लपवायच्याही नाहीत. कुणी चहा दिला तर देणाऱ्यानं घोट घेतल्याशिवाय स्वतःची बशी तोंडाला लावायच्या नाहीत. आणि काही विचारलं की तेच तीन दिवसांनी पुन्हा विचारायच्या, जणू आधी विचारलंच नव्हतं. उत्तर बदललं तर फक्त मान एकदा हलायची, झालं.

काम करायच्या त्या कँपातल्या एका फौजी शिंप्याकडे. गणवेशावरचे बिल्ले हातानं भरायचं काम. तलवारी, वाघ, चक्रं, पंख पसरलेले गरुड. बिल्ल्याचा अर्थ त्यांना ठाऊक नसायचा, पण तलवारीच्या पात्याला जरीचा टाका किती तिरका घेतला म्हणजे ते उन्हात लखलखतं, हे पक्कं ठाऊक होतं. आळीतल्या बायका त्यांच्याकडे टेबलक्लॉथवर गुलाब भरून मागायच्या. त्या भरूनही द्यायच्या, तोंडावर कसलाच भाव नसायचा.

"तुम्हाला फुलं आवडत नाहीत का?" मी विचारलं होतं.

"फुलं कुनीबी भरतं, बाई. फुलाला कुठं कुनी इचारतंय, तू खरंच आसं हुतंस का म्हनून?"

या उत्तराचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी लागला.

हौसाबाईंकडे अधूनमधून बाहेरगावची माणसं येत. बहुतेक म्हातारी. दुपारच्या एस.टी.नं यायची, तासभर दाराआड बोलणं चालायचं आणि निघून जायची. जाताना कधी एखादीच्या लुगड्याचा काठ जरा उसवलेला दिसायचा, कधी एखाद्याच्या मुंडाशाला दोरे लोंबत असायचे. ही गोष्ट आमच्या घरमालकीण सखूबाईंच्या नजरेतून सुटली नाही.

"बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या," त्या मला हळूच म्हणाल्या, "पर कापडं दोरीवर वाळत घालताना जरा बघत चला. ती समोरची लोकांच्या अंगावरच्या कापडातला दोरा मागून घेती. आंगावरचा दोरा कशाला लागतोय, म्हाईत हाय ना?"

"कशाला?"

"करनीला."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी माझं पातळ दोरीवर न टाकता आत खुर्चीवर वाळत घातलं, हेही खरं.

त्याच आठवड्यात सखूबाईंच्या नातीला ताप भरला. तापाची साथच होती, माझ्या वर्गातल्या सहा मुली घरी होत्या. पण आळीला कारण सापडलं होतं. बायका हौसाबाईंना नळावर आधी पाणी भरू देऊ लागल्या. मानानं नव्हे, त्यांची सावली नको म्हणून. दोन दिवस हौसाबाईंनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सरळ सखूबाईंच्या दारात गेल्या. आम्ही सगळ्या नळावर उभ्या होतो. हौसाबाईंनी आपल्या नेसत्या लुगड्याच्या पदरातून एक लांब हिरवा दोरा ओढून काढला आणि सखूबाईंच्या हातावर ठेवला.

"घ्या. माझ्या आंगावरचा हाय. आता तुमाला जे करायचं ते करा. मी तुमच्या नातीला काय केलं आसंल, तर तुमी मला करा. फिटंफाट."

सखूबाईंना तो दोरा धरवेना आणि टाकवेना. मला वाटतं, तो त्यांनी पुढे कितीतरी दिवस हळदीच्या डब्यात ठेवला होता. नात चार दिवसांत बरी झाली. बोलणं बंद पडलं, पण संशय गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी त्यांच्याकडे ब्लाउजला हुक लावून घ्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारत आत पाऊल टाकलं आणि जमिनीवर पसरलेलं ते कापड पाहिलं.

पलंगपोसाएवढं असेल. तंबूचं जुनं अस्तर होतं, मातीच्या रंगात रंगवलेलं. त्यावर एकही फूल नव्हतं, पोपट नव्हता, वेल नव्हती. काळ्या घोंगडीची लोकर वापरून दगडी भिंती उभ्या केल्या होत्या, इतक्या गच्च की बोटाला कंगोरा लागावा. दोऱ्याची टोकं कापून उभी ठेवली होती, ती काट्यांची कुंपणं. एक जाड निळसर पट्टा कापडावर शिवलेलाच नव्हता, फक्त दोन टोकांना अडकवला होता. कापड हलवलं की तोही हलायचा. ती नदी. आणि ठिकठिकाणी कापडाला चक्क भोकं पाडली होती, कडेनं काजाच्या टाक्यानं गोल बांधून घेतलेली. त्यातून खालची शेणानं सारवलेली जमीन दिसत होती.

असलं भरतकाम मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुंदर म्हणावं की भयंकर, ते मला कळेना. प्रत्येक घराचा दोरा वेगळा होता. कुठे विटका लाल, कुठे पांढरा, कुठे मळखाऊ पिवळा.

हौसाबाई मागच्या दारातून आल्या. मला पाहून त्यांनी आधी सुयांच्या चिंधीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"कापड."

"ते दिसतंय. पण हा नकाशा आहे ना? यात उत्तर कुठंय?"

"काय कुठंय?"

"उत्तर दिशा. नकाशात उत्तर वर असते. तुम्ही ती कुठं धरलीय?"

 मग त्यांनी वाकून कापडाची घडी घातली, एकावर एक, सावकाश. "हुक कितीक लावायचं?" एवढंच विचारलं. मी पुन्हा विषय काढला नाही. बाहेर पडताना माझ्यामागे सुया मोजल्याचा आवाज आला: एक, दोन, तीन.

दीड महिन्यातच बांगलादेशाची लढाई लागली. भिंगारसारख्या गावात लढाई म्हणजे रेडिओवरची बातमी नव्हती. रस्त्यानं दिवसभर लष्करी गाड्या जायच्या. ओळखीच्या घरांतले जवान एका दिवसात निघून गेले. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळा कागद चिकटवला. शाळेत मुलींना बजावलं की अनोळखी माणसाला कँपाचा रस्ता सांगायचा नाही. हेर पकडल्याच्या बातम्या रोज कुणीतरी आणायचं. कधी तो फकीर असायचा, कधी बांगड्या विकणारी.

एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत असंच बोलणं चाललं होतं. शिवणाच्या बाईंचे यजमान कँपातल्या कचेरीत होते, त्यामुळे त्या जरा जास्तच माहितगार असल्यासारख्या बोलायच्या. आणि मी, मलाही काहीतरी सांगता यावं म्हणून म्हटलं, "आमच्या समोर एक बाई राहते. फौजी शिंप्याकडे कामाला आहे. तिच्याकडे एक कापड आहे, हुबेहूब नकाशा. घरं, रस्ते, मध्ये भोकं. बाहेरगावची माणसं येतात, बसतात, जातात. गंमत म्हणजे यात उत्तर कुठंय, तेवढं मात्र ती सांगत नाही."

मी हे हसत सांगितलं.  पण ते भीतीनं सांगितलं की महत्त्व मिळावं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. हौसाबाई हेर आहेत असं मला वाटत होतं का? नाही. नाहीत अशी खात्री होती का? तीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक हवालदार आणि साध्या वेशातला एक माणूस आळीत आले. त्यांनी हौसाबाईंना कापड बाहेर आणायला लावलं आणि उन्हात, आळीच्या मधोमध पसरायला सांगितलं. सगळी आळी दारांत उभी राहिली. मीही माझ्या दारात होते.

हवालदारानं काठीच्या टोकानं एक भोक दाखवलं. "हे काय?"

"हीर. तात्या गाड्यांची. काठी लांब धरा, दोरा निघंल."

"आणि हे?"

"चावडी. हिच्या पायरीचा एक दगुड फुटका हुता, म्हनून हितं टाका तुटका हाय."

"ही कुठली जागा?"

"उंबरवाडी."

"कुठाय ती?"

"पान्यात."

मग साध्या वेशातला माणूस पुढे झाला. तो उकिडवा बसला आणि एकेक घर विचारू लागला. हौसाबाई सांगत गेल्या. हे कुणाचं, त्याला किती खण, दार कुठल्या अंगाला, गोठा कुठे. पाऊण तास. मग त्यानं मधलीच चार घरं पुन्हा विचारली. उत्तरं तीच आली, शब्दाला शब्द. माझ्या लक्षात आलं, हा माणूस हौसाबाईंचीच रीत हौसाबाईंवर चालवत होता, आणि त्यांनाही ते कळलं होतं. त्या जवळजवळ खूश दिसत होत्या.

शेवटी हवालदार उभा राहिला, कापडाच्या चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "यात उत्तर कुठंय?"

हौसाबाईंनी वर बघितलं, पण हवालदाराकडे नाही. आळीतल्या दारांकडे एकामागून एक बघत गेल्या. माझ्या दाराशी नजर आली तेव्हा मी पदर सारखा करत होते.

त्यांनी कापड नेलं. आठ दिवसांनी परत केलं. एका कोपऱ्याची शिवण उसवून आतल्या दोन पदरांमध्ये काही आहे का, ते तपासलं होतं. बाकी धक्का नव्हता. हौसाबाईंनी ते अंगणात पसरून दिवसभर टाका टाका तपासला. पण तोवर फौजी शिंप्यानं त्यांना दुकानात यायला मनाई केली होती. लढाई संपली, कागद काचांवरून निघाले, तरी त्यानं परत बोलावलं नाही. बिल्ल्यांचं जरीचं काम गेलं, आणि हौसाबाई गोधड्या शिवून द्यायला लागल्या.

मी त्यांच्याकडे जात राहिले. का, ते सांगणं अवघड आहे. न जाणं म्हणजे कबूल करणं झालं असतं. त्याही मला बसवून घ्यायच्या. आधी मी चहा प्यायची, मग त्या.

मग एक वेगळीच गोष्ट घडली. कापड पोलिसांनी नेलं आणि परत दिलं, ही बातमी उंबरवाडीच्या लोकांत पोचली, आणि पोचता पोचता बदलली. सरकारनं हौसाचं कापड तपासून मंजूर केलं, आता वसाहतीतल्या जागा त्या कापडावरून मिळणार, असं कुणीतरी उठवलं. एस.टी. भरून माणसं यायला लागली. ज्याचं घर त्याच्याच अंगावरच्या दोऱ्यानं भरायचं ही हौसाबाईंची रीत, पण आता तो मागावा लागत नव्हता. लोक घरूनच आणायचे, गुंडाळी करून.

"हौसाक्का, माजं घर तीन खनांचं दाखवलंयस. पाच हुते."

"तीन हुते. तुझ्या बापानं मागं छप्पर टाकलं, ते खन न्हवं."

"टाक की गं एक टाका. तुझं काय जातंय?"

"माजं गाव जातंय."

त्या कुणालाही टाकाभर जागा वाढवून देत नसत. ज्याचं उत्तर पुढच्या खेपेला बदललं, त्याचा दोरा परत. रागावून माणसं जायची, काही शिव्या द्यायची. मी कोपऱ्यात बसून वह्या तपासत हे ऐकायची. मनात यायचं, ही बाई सरकारपेक्षा कडक आहे. आणि खरं सांगायचं तर, असंही मनात यायचं की हिची आठवण बरोबर, हे कुणी ठरवलं?

त्यात एकदा दगडूआबा आले. सत्तरीचा वाळलेला माणूस, एका डोळ्यात फूल पडलेलं. मूळचे पाथर्डीकडचे, उंबरवाडीत सालगडी म्हणून आले आणि तिथंच राहिले. त्यांनी मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "माझं घर मारुतीच्या मागं हुतं. दोन खन. तेवढं टाकायचं ऱ्हायलंय."

हौसाबाईंनी कापड पसरलं. मारुतीच्या मागे गावकूस होतं आणि त्यापलीकडे हिरव्या दोऱ्याच्या गाठी. "हितं निवडुंग हुता, आबा. आन दगडाचा ढीग. घर न्हवतं."

"हुतं की."

"मला आठवत न्हाई."

"तुला आठवत न्हाई म्हंजी हुतं न्हाई व्हय?"

"मी लई जनांचं ऐकलंय, आबा. समदे असंच म्हनत्यात."

म्हातारा भांडला नाही. मुंडासं पुन्हा गुंडाळायला लागला. वेढा बसेना. उठताना म्हणाला, "मग तीस वर्सं मी ऱ्हात कुठं हुतो, तेवढं सांग."

"ते तुमचं तुमाला म्हाईत."

तो गेल्यावर हौसाबाईंनी सुया मोजल्या. त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा राग आला.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी नाही त्यांना पटणार नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार खाली गेलं. एके दिवशी वसाहतीतून सांगावा आला: उंबरवाडीच्या मारुतीचं देऊळ उघडं पडलंय, गावात चालत जाता येतंय.

हौसाबाई रविवारी पहाटे माझ्या दारात उभ्या. बगलेत पोत्यात गुंडाळलेलं कापड.

"बाई, चला."

"मी कशाला?"

"साक्षीला. माजा भाऊ माज्या बाजूनं बोलंल. तुमी बोलनार न्हाई."

नगरहून राहुरी, तिथून दुसरी गाडी, आणि मग दीड-दोन कोस चाल. धरणाच्या पोटात उतरलो तेव्हा दहा वाजले असतील. चिखल वाळून त्याला ताटाएवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यावर शिंपले, मेलेले मासे, कुणाच्या तरी होडीचं कुजलेलं फळकूट. आणि मग जमिनीतून गुडघाभर भिंती वर आलेल्या दिसल्या, काळ्या, गाळानं माखलेल्या. छपरं नव्हती, माणसं नव्हती, पण रस्ते होते. मी त्या रस्त्यांनी आधी चालले होते असं मला वाटलं. कापडावर.

हौसाबाईंनी गाव बघून डोळे पुसले नाहीत की काही नाही. त्यांनी चावडीच्या ओट्यावर कापड पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले, आणि कामाला लागल्या. जायचं, पावलांनी भिंत मोजायची, परत यायचं, कापड बघायचं. तीन खण ते तीनच निघाले. मागचं छप्पर छप्परच होतं. तात्या गाड्यांची विहीर जिथल्या तिथे. प्रत्येक वेळी त्या मला बोलावून दाखवायच्या, "बघा. लिव्हा मनात." त्यांचा चेहरा उजळत चालला होता. चावडीची पायरीसुद्धा फुटकीच निघाली.

शेवटी आम्ही मारुतीच्या मागे गेलो. गावकूस ढासळलं होतं. पलीकडे दगडांचा ढीग होता, त्यांनी कापडावर भरला होता तसाच. हौसाबाई मागे वळल्या. मी नाही वळले. ढिगाच्या पलीकडे, गाळात, मला एक सरळ रेष दिसली. मी चपलेनं गाळ बाजूला केला. जोत्याचा दगड. पुढे दुसरा, मग कोपरा.

"हौसाबाई, इकडं या."

त्या आल्या. उभ्या राहिल्या. मग खाली बसून दोन्ही हातांनी गाळ उकरू लागल्या. दोन खणांचं जोतं होतं. मधल्या भिंतीशी जमिनीत पुरलेलं उखळ निघालं, आणि त्याच्याशेजारी चुलीची भाजून लाल झालेली माती. ढिगानं आणि निवडुंगानं गावाच्या बाजूनं झाकलेलं असणार ते.

"इथं कधी आला नव्हता तुम्ही?" मी विचारलं.

"गावकुसाच्या ह्या अंगाला आमी येत न्हवतो." त्या म्हणाल्या. "यायचं कारनच न्हवतं. आमची हीर तिकडं, रस्ता तिकडं. म्हातारा कामाला यायचा, दिवस मावळला की जायचा. कुठं जायचा ते..." त्या उखळातला गाळ बोटानं काढत बसल्या. चांगला अर्धा तास. ऊन डोक्यावर आलं होतं. मी पाणी पुढे केलं, तर त्या माझ्या आधी प्यायल्या. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मग त्या म्हणाल्या, "बाई, आता सांगा. उत्तर कुठंय?"

सकाळी सूर्य कुठल्या अंगाला होता ते मी आठवलं, अंदाज घेतला आणि हात केला.

"मला आजवर दोघांनीच इचारलं हे," त्या उखळाकडे बघत म्हणाल्या. "आदी तुमी. मंग त्या हवालदारानं."

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग मला घरात का घेत होता?"

"चोर म्हाईत असला की बरं असतं, बाई. म्हाईत नसला तर समद्यांवरच नजर ठेवावी लागती." मग म्हणाल्या, "मी तुमाला बोलनार हुते. आज, हितं. समदं गाव खरं निघाल्यावर. म्हनूनच आनलं तुमाला." त्यांनी हात झटकले आणि उठल्या. "आता काय बोलू? आबाला मी भायेर काढला, मला तुमी काढलं. चला, गाडी चुकंल."

मी माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असेल तर त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

परतीच्या वाटेवर त्या वसाहतीच्या फाट्याला उतरल्या. मीही उतरले. दगडूआबांचं पत्र्याचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, समोर बाज टाकलेली. मी फाट्यावरच्या बाभळीखाली थांबले. त्यानंतर पंधरा दिवसांत माझी श्रीरामपूरला बदली झाली, आणि सामान हलवलं त्या दिवशीही हौसाबाई भिंगारात नव्हत्या. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते इथं शेवटचं.

त्यांनी बाजेवर कापड पसरलं. आबा लांब उभे राहिले. "आता काय काडलंय?" त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "कापडावरनं आनखी कुनाला घालवायचंय?"

"आबा, मुंडाशाचा दोरा द्या."

"कशाला?"

"घर हुतं. मी बघून आले. उखळ सुद्दीक हाय."

म्हातारा जवळ आला. मग मुंडासं न सोडताच त्यानं पुढे मान वाकवली. हौसाबाईंनी दोरा काढला, सुईत ओवला आणि बाजेच्या कडेवर बसल्या, आबांकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून. गाठी उसवल्या, टाके घातले. आबा शेजारी उकिडवे बसून, चांगला डोळा कापडाजवळ नेऊन, एकेक टाका बघत होते. खोटं होतंय का, ते पाहत असावेत.

माझी गाडी आली. चढताना ऐकू आलं, आबा म्हणत होते, "मागं शेवग्याचं झाड हुतं येक."

मी खिडकीशी बसले. हौसाबाईंनी दोरा तोडला नव्हता. "कोन्त्या अंगाला, आबा?" त्यांनी विचारलं. गाडी हलली तेव्हा आबांचा हात हवेत होता, आणि हौसाबाई मान वर करून, तो हात जिथं दाखवत होता तिथं बघत होत्या.